हाताने घडवलेल्या छोट्या वस्तूंसाठी कमी खर्चातले देखणे पॅकिंग

पॅकिंगचे सामान आणायला बाहेर पडण्याआधी विक्रीची एक वस्तू, मोजपट्टी, वजनकाटा आणि वही घेऊन तासभर बसावे, असे मी नव्याने विक्री सुरू करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. आधी एखादी सुबक डबी नजरेत भरते, शंभर नग घेतले तर स्वस्त पडतात म्हणून शंभर घेतले जातात, आणि घरी आल्यावर कळते की आपली वस्तू तिच्यात मावत नाही किंवा मावली तरी खुळखुळते. मग ती हलू नये म्हणून भरावाचे सामान येते, डबी साधी वाटते म्हणून रिबन येते, रिबन सुटते म्हणून स्टिकर येतो, आणि स्वस्त म्हणून घेतलेली डबी सर्वांत महाग पडते. वस्तूपासून सुरुवात केली तर हा सगळा फापटपसारा टळतो. कमी खर्चातले पॅकिंग देखणे दिसते ते नेमक्या मापामुळे आणि तोच एक कागद, तोच एक रंग पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे. त्यावर काय काय चिकटवले आहे यामुळे नव्हे.

वहीत पहिल्या ओळीत वस्तूची लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहावे. दुसऱ्या ओळीत तिचा नाजूक भाग लिहावा: कपाचा कान, चौकटीचा कोपरा, कानातल्याचा आकडा, विणलेल्या खेळण्याचा शिवलेला डोळा. तिसऱ्या ओळीत तिला कशाचा धोका आहे ते लिहावे, कारण दाब, घासणे, ओल, उष्णता आणि हवा यांपैकी प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो आणि एका वस्तूला लागणारा उपाय दुसरीला अपायकारक ठरू शकतो.

याचे सर्वांत चांगले उदाहरण साबणाचे आहे. थंड पद्धतीने केलेला साबण साच्यातून काढल्यावर चार ते सहा आठवडे मुरत ठेवावा लागतो आणि या काळात त्यातले पाणी उडत राहते. असा साबण लवकर गुंडाळला तर तो आतल्या आत आकसतो आणि कागदी पट्टा सैल होऊन गळून पडतो. पूर्ण मुरल्यानंतरही त्याला थोडी हवा मिळालेली चांगली असते, म्हणून त्याला कागदाचा पट्टा किंवा उघड्या कडांची डबी शोभतेही आणि मानवतेही. याउलट वितळवून साच्यात ओतलेल्या पारदर्शक साबणात ग्लिसरीन भरपूर असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि साबणाच्या अंगावर घामासारखे थेंब धरतात. त्याला घट्ट बसणारे पातळ प्लास्टिक आवश्यकच असते, आणि कागद लावायचा तो त्यावरून. दोन्ही साबणच, पण एकाचे पॅकिंग दुसऱ्याला चालत नाही.

चांदीच्या दागिन्यांचा शत्रू गंधक. रबरबँडमध्ये गंधक असते, त्यामुळे चांदीच्या वस्तूभोवती रबरबँड गुंडाळून ठेवला तर त्याच जागी काळी रेघ उमटते. चांदी आम्लरहित टिश्यू पेपरात ठेवून छोट्या बंद होणाऱ्या पॉलिथिनच्या पिशवीत घालावी आणि ती पिशवी देखण्या डबीत ठेवावी. पीव्हीसीच्या पिशव्या मात्र टाळाव्यात. अॅक्रिलिक रंगांनी रंगवलेल्या वस्तूंची अडचण वेगळीच असते. वरून सुकलेला रंग उन्हाळ्यात किंचित चिकट होतो आणि बबल रॅप थेट त्यावर गुंडाळला असेल, तर रंगावर गोल गोल ठसे उमटतात. मेणबत्तीच्या मऊ पृष्ठभागाचेही तसेच होते. अशा वस्तूंना आधी ग्लासीन कागदाचा, म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक पातळ कागदाचा, एक थर द्यावा आणि मगच बबल रॅप किंवा मऊ कागद वापरावा. मेणबत्तीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी की, डब्यात ओतण्यासाठी वापरले जाणारे सोयाबीनचे मेण साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान तेवढे सहज चढू शकते. कागद-पुठ्ठ्याने हा प्रश्न सुटत नाही. त्यामुळे कडक उन्हाळ्यात झाकण असलेल्या डब्यातल्या मेणबत्त्याच पाठवाव्यात, म्हणजे मेण मऊ झाले तरी ते सांडत नाही.

पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही

वस्तू हातोहात विकली जाणार की पार्सलने जाणार, यावर पॅकिंगचा खर्च ठरतो. प्रदर्शनात किंवा दुकानात हातोहात जाणाऱ्या वस्तूला एकच थर पुरतो. तो दिसायला नीटनेटका आणि उघडून पाहता येईल असा असावा. पार्सलने जाणाऱ्या वस्तूला दोन थर लागतात. आतला थर ग्राहकासाठी असतो, बाहेरचा प्रवासासाठी. बाहेरच्या खोक्यावर छपाई, रंगीत टेप, चमकदार स्टिकर यांसाठी खर्च करू नये, हे माझे ठाम मत आहे. त्या खोक्यावर पत्ता चिकटतो, शिक्के पडतात, तो घासला जातो, आणि ग्राहक तो टेबलावर न ठेवता दाराशीच फाडतो. बाहेरच्या खोक्याकडून दोनच अपेक्षा ठेवाव्यात, तो मजबूत असावा आणि योग्य मापाचा असावा. देखणेपणासाठी जो काही पैसा आणि वेळ आहे, तो सगळा आतल्या थराला द्यावा.

मापाचा मुद्दा थेट खर्चाशी जोडलेला आहे. बहुतेक कुरिअर सेवा पार्सलचे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ठरावीक आकड्याने, बहुधा ५००० ने, भागायचे, म्हणजे आकारमानी वजन किलोत मिळते. आपली सेवा कोणता आकडा वापरते, हे आधी विचारून घ्यावे. ३० × २० × १५ सेंटीमीटरचा खोका म्हणजे ९००० भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो. त्यात ठेवलेली विणलेली टोपी १०० ग्रॅमची असली, तरी पैसे १.८ किलोचेच द्यावे लागतात. तीच टोपी सपाट घडी घालून जाड कागदी पाकिटातून पाठवली, तर पाठवणीचा खर्च कितीतरी उतरतो. कापड, लोकर, कागद यांच्या न फुटणाऱ्या वस्तूंना खोका लागतच नाही, हे लक्षात घेतले तर अनेक विक्रेत्यांचा सर्वांत मोठा खर्च एका दिवसात कमी होईल.

फुटणाऱ्या वस्तूचा खोका

आता कपाचे उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त नुकसान याच जातीच्या वस्तूंचे होते. समजा, कप ९ सेंटीमीटर उंच, ८ सेंटीमीटर व्यासाचा आणि कानासकट ११ सेंटीमीटर रुंद आहे. नाजूक वस्तूभोवती सर्व बाजूंनी ५ सेंटीमीटर भराव असावा, असा सर्वसाधारण नियम सांगतात. त्या हिशेबाने खोका २१ × १८ × १९ चा होतो आणि आकारमानी वजन १.४ किलोच्या वर जाते, कप मात्र पाव-अर्ध्या किलोचाच असतो. मी एका कपासाठी दुसरी वाट धरते. कपाच्या पोटात चुरगळलेला कागद दाबून भरायचा. कानाच्या पोकळीत कागदाची गुंडाळी सरकवून कानाच्या दोन्ही बाजू कागदाने भरून काढायच्या, म्हणजे कान उठून न दिसता सगळा कप एका जाड लोडासारखा गोल होतो. त्याभोवती एका बाजूने उघड्या पन्हळी असलेल्या पुठ्ठ्याचे दोन फेरे द्यायचे, आणि मग सर्व बाजूंनी सुमारे ३ सेंटीमीटर चुरगळलेल्या कागदाचा भराव करायचा. खोका लहान होतो, आकारमानी वजन एक किलोच्या आत राहते, आणि कान सुखरूप राहतो. कान बहुतेकदा बाहेरच्या धक्क्याने मोडत नाही. तो खोक्याच्या भिंतीला टेकलेला असतो आणि कपाचे सगळे वजन त्याच्यावर येते म्हणून मोडतो. एकदा मी सहा कपांचे पार्सल पाठवले होते आणि त्यातले तीन कान तुटले. परत आलेला खोका उघडला, तर तुटलेल्या तिन्ही कपांचे कान भिंतीकडे वळलेले होते आणि शाबूत राहिलेल्या तिन्हींचे आतल्या बाजूला. त्या दिवसापासून कान मध्याकडे, ही पॅकिंगच्या टेबलावरची पहिली सूचना झाली.

पन्हळी पुठ्ठ्याचे पहिले पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली घेतले गेले, तेही खोक्यासाठी नव्हे, तर उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. बाटल्या आणि काचेच्या वस्तू गुंडाळण्यासाठी तो १८७१ च्या सुमाराला अमेरिकेत वापरात आला. त्याचे बळ मधल्या लाटांमध्ये असते. तीन थरांच्या साध्या खोक्यात दोन सपाट कागद आणि मध्ये एक लाटेचा कागद असतो. लाट साधारण ३ मिलिमीटर उंच असली तर तो बी प्रकार, ४ च्या आसपास असली तर सी आणि दीड मिलिमीटरची बारीक असली तर ई प्रकार. बारीक लाटेच्या पुठ्ठ्यावर छपाई आणि घडी चांगली येते, म्हणून तो आतल्या डबीला योग्य. मोठ्या लाटेचा पुठ्ठा धक्का चांगला पचवतो, म्हणून तो बाहेर. लाटा उभ्या असल्या की त्या खांबांसारखे वजन पेलतात, आडव्या असल्या की दबतात. त्यामुळे मोठा पुठ्ठा कापून स्वतः खोका करणाऱ्याने भिंतींतल्या लाटा उभ्याच राहतील असे पाहावे.

वापरलेले खोके पुन्हा वापरायला हरकत नाही, पण कोपरे दबलेले, ओल लागलेले किंवा मधोमध घडी पडलेले खोके घेऊ नयेत, कारण एकदा दबलेली लाट पुन्हा उभी राहत नाही. जुनी लेबले आणि पट्ट्यांचे संकेत (बारकोड) पूर्ण काढावेत किंवा झाकावेत, नाहीतर पार्सल भलतीकडे जाऊ शकते. खोका बंद करताना मधल्या फटीवर एक लांब टेप आणि दोन्ही टोकांच्या फटींवर एकेक आडवी टेप, अशा इंग्रजी एच आकारात लावावी. पाणी लावून चिकटवायची कागदी टेप पुठ्ठ्याच्या तंतूंना धरते, ती सोलून पुन्हा चिकटवता येत नाही आणि दिसायलाही खोक्याशी एकजीव वाटते. नियमित पार्सले पाठवणाऱ्याने ती एकदा वापरून पाहावी.

भरलेला खोका कानाशी धरून हलवावा. आतून आवाज आला, तर भराव कमी आहे. त्यानंतरची चाचणी कठोर आहे, पण एकदा करायलाच हवी. किंचित दोष असलेला, विकता न येणारा नग त्याच पद्धतीने पॅक करून दहा वेळा खाली टाकावा: एकदा एका कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा आणि सहाही बाजूंवर एकेकदा. हलक्या पार्सलांच्या प्रमाणित चाचणीत उंची सुमारे ७६ सेंटीमीटर धरतात, म्हणजे साधारण टेबलाएवढी. दहाव्या पाडणीनंतर वस्तू शाबूत निघाली, तर ते पॅकिंग पक्के समजावे आणि मग उगाच आणखी थर चढवू नयेत. फुटली, तर कोणत्या बाजूला फुटली ते पाहून तिथेच भराव वाढवावा.

एक कागद, एक रंग, एक ठसा

आतल्या थराच्या देखणेपणासाठी मी एक बंधन स्वतःवर घालून घेतले आहे. सर्व वस्तूंना एकच कागद, एकच शाई आणि एकच ठसा. सुरुवातीला हे कंजूषपणाचे वाटते. पण टेबलावर पंधरा वेगवेगळ्या वस्तू एकाच तपकिरी कागदात, एकाच गडद निळ्या ठशाने मांडून पाहाव्यात, आणि शेजारी त्याच वस्तू पंधरा रंगीत कागदांत ठेवाव्यात. पहिली मांडणी एका हाताची वाटते, दुसरी उरल्यासुरल्या सामानाची. शिवाय एकच कागद मोठ्या प्रमाणात घेतला की स्वस्त पडतो, आणि उरलेले तुकडे पुढच्या कोणत्याही वस्तूला चालतात.

क्राफ्ट कागद या कामाला फार चांगला. क्राफ्ट या जर्मन शब्दाचा अर्थच ताकद, आणि हा कागद फाटायला खरोखरच चिवट असतो. गुंडाळायला ८० ते १०० जीएसएमचा घ्यावा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. टॅग आणि डबीसाठी २५० ते ३०० जीएसएमचा कार्ड पेपर लागतो. तपकिरी कागदावर रंग निवडताना एक चूक हमखास होते. पांढऱ्या कागदावर शोभणारे पिवळे, फिकट गुलाबी, आकाशी असे रंग तपकिरीवर मळकट होतात किंवा दिसेनासे होतात. काळा, गडद निळा, गडद हिरवा, विटकरी आणि अपारदर्शक पांढरा हे रंग त्यावर खुलतात.

ठसा बनवून घेता येतो, पण मऊ खोडरबराच्या किंवा लिनोच्या (कोरायला सोप्या लिनोलियमच्या) तुकड्यावर स्वतः कोरलेल्या ठशात हाताचे काम दिसते, आणि विकायची वस्तू हाताची असेल तर ते शोभतेही. नक्षी ट्रेसिंग पेपरावर मऊ पेन्सिलीने काढावी, तो कागद पालथा करून रबरावर ठेवावा आणि मागून नखाने घासावा. रबरावर नक्षी उलटी उमटते, म्हणून छापल्यावर अक्षरे सुलटी येतात. कोरताना पाते रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरके धरावे; आतल्या बाजूला धरले, तर बारीक रेषांचा पाया पोखरला जातो आणि त्या काही दिवसांत तुटतात. छापताना कागदाखाली वर्तमानपत्राचे पाच-सहा थर ठेवावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. मोठा ठसा शाईच्या पॅडवर दाबण्यापेक्षा ठसा उताणा ठेवून पॅड त्याच्यावर हलके टेकवत फिरवावे, शाई एकसारखी लागते. क्राफ्टवर पिगमेंट शाई वापरावी, ती पृष्ठभागावर राहते आणि उठून दिसते. डाय शाई कागदात जिरते आणि फिकी पडते. हीच पिगमेंट शाई गुळगुळीत चकचकीत कागदावर मात्र वाळत नाही आणि बोट लागताच फिसकटते.

बांधायच्या दोऱ्याबाबत एक अनुभव सांगते, कारण त्याने मला बरेच शिकवले. पांढऱ्या सुती रुमालांवर भरतकाम करून ते लाल दोऱ्याने बांधून पाठवत असे. कागदावर तो लाल दोरा सुंदर दिसत असे. पावसाळ्यात एका ग्राहक बाईंनी रुमालाचे छायाचित्र पाठवले. पाकीट ओलसर झाले होते आणि रुमालाच्या घडीवर दोऱ्याच्या जागी गुलाबी रेघ उमटली होती. चार दिवसांचे भरतकाम एका पक्क्या नसलेल्या रंगाने वाया गेले. तेव्हापासून कोणताही रंगीत दोरा, रिबन किंवा रंगीत टिश्यू घेतला की त्याचा एक तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर दाबून ठेवते. सकाळी कापडाला रंग लागलेला दिसला, तर तो दोरा कापडी वस्तूंसाठी वापरत नाही. न रंगवलेला सुती दोरा किंवा बारीक सुतळी हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे, पण सुतळीचे तंतू लोकरीच्या वस्तूंत अडकतात, म्हणून ती कागदाच्या बाहेरूनच बांधावी.

ए-४ च्या एका कागदातून

कमी खर्चाचे खरे गणित कागद कापण्यात आहे. ए-४ चा कागद २१ × २९.७ सेंटीमीटरचा असतो, आणि तो कात्रीला लागण्याआधी पाच मिनिटे आकडेमोड केली की वाया जाणारा कागद जवळजवळ उरत नाही.

साबणाचा कागदी पट्टा पाहू. साबण ८ × ५.५ × २.५ सेंटीमीटरचा आहे. पट्टा मधोमध गुंडाळायचा, म्हणजे त्याचा घेर साडेपाच अधिक अडीचच्या दुप्पट, १६ सेंटीमीटर. टोके एकमेकांवर चढवून चिकटवायला २ सेंटीमीटर धरले, तर १८ लागतात. कागदाची रुंदी २१ आहे, म्हणजे आडवे काप घेतले तर पट्ट्याची लांबी आपोआप पुरते. पट्टा ५ सेंटीमीटर रुंद ठेवला, तर २९.७ च्या लांबीत पाच पट्टे बसतात आणि साबणाची दोन्ही टोके दीड-दीड सेंटीमीटर उघडी राहतात, रंग दिसतो, वास घेता येतो. प्रत्येक पट्ट्याचे उरलेले ३ सेंटीमीटर टोक कापून ठेवले, तर ५ × ३ सेंटीमीटरच्या छोट्या चिठ्ठ्या होतात.

डबीचे गणित मला याहून आवडते. आत ८ × ८ सेंटीमीटर आणि ३ सेंटीमीटर खोल अशी झाकणाची चौकोनी डबी करायची आहे. कानातली, छोटे ब्रोच, कोरीव बटणे यांना ती चपखल बसते. तळासाठी १४ सेंटीमीटरचा चौरस लागतो, कारण ८ मध्ये दोन्ही बाजूंच्या भिंतींचे तीन-तीन मिळवायचे. झाकण तळापेक्षा २ मिलिमीटर मोठे हवे, म्हणजे १४.२ चा चौरस. १४ आणि १४.२ मिळून २८.२, आणि कागदाची लांबी २९.७. म्हणजे तळ आणि झाकण दोन्ही ए-४ च्या एकाच कार्ड पेपरात बसतात. बाजूला ६.८ सेंटीमीटर रुंदीची लांब पट्टी उरते, तिचे ५ सेंटीमीटरचे पाच टॅग होतात.

प्रत्येक चौरसावर चारही कडांपासून ३ सेंटीमीटर आत रेषा आखावी. संपलेले बॉलपेन लोखंडी पट्टीच्या आधाराने त्या रेषांवरून जोर देऊन फिरवावे, म्हणजे कागद न कापता खाच पडते आणि घडी धारदार येते. ही पायरी गाळून नुसत्या हाताने घडी घातली, तर जाड कागदाची कड फुटून पांढरे तंतू दिसतात आणि डबी कितीही चांगल्या कागदाची असली तरी घरगुती प्रयोगासारखी दिसते. नंतर समोरासमोरच्या दोन बाजूंवर, कडेपासून आतल्या रेषेपर्यंत, एकूण चार चिरा द्याव्यात, त्यांतून तयार झालेले चार चौकोनी कान आत दुमडून भिंतींना आतून चिकटवावेत. कागदाला दाण्याची दिशा असते. त्या दिशेने तो सहज वळतो आणि आडवा वळवताना अडतो. कागद हलका वाकवून ती दिशा ओळखावी आणि दाण्याला आडव्या जाणाऱ्या रेषांवर खाच जरा जास्त दाबून पाडावी. पहिली डबी नेहमी रद्दी कागदाची करावी. झाकण घट्ट बसले, तर एक मिलिमीटर वाढवावा, आणि मग जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापून ठेवावा, म्हणजे पुन्हा मोजायला नको.

खाच पाडणे आणि कापणे या दोन्ही गोष्टी यंत्राच्या एकाच दाबात करण्याची कल्पना अमेरिकेतल्या ब्रुकलिनमधील कागदी पिशव्यांचे कारखानदार रॉबर्ट गेअर यांना १८७९ साली एका अपघातातून सुचली असे सांगतात. घडीची खूण पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि तिने पिशव्या कापून टाकल्या. आज बाजारात सपाट मिळणारी आणि क्षणात उभी राहणारी तयार डबी त्याच कल्पनेतून आली.

लेबलवर काय असावे

लेबल हे पॅकिंगमधले बोलणारे अंग आहे, पण त्याने फार बोलू नये. वस्तूचे नाव, ती कशाची बनवली आहे, कशी जपावी, बनवणाऱ्याचे नाव आणि संपर्क एवढे पुरे. साबण, क्रीम, मेणबत्त्या, लहान मुलांची खेळणी आणि खाण्याचे पदार्थ यांच्या लेबलवर घटक, वजन, तारीख, इशारे अशी माहिती देण्याचे नियम असतात आणि ते जागोजागी वेगळे असतात. लेबल छापण्याआधी आपल्याला लागू असलेले नियम वाचावेत, कारण पाचशे लेबले छापून झाल्यावर सापडलेली चूक महागात पडते.

घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेली अक्षरे बहुधा पाण्याच्या थेंबाने पसरतात, लेझर प्रिंटरची पसरत नाहीत. न्हाणीघरात जाणाऱ्या वस्तूचे लेबल त्यामुळे लेझरवरच छापून घ्यावे. ए-४ वर २४ लेबलांचे तयार चिकट कागद मिळतात, प्रत्येक लेबल ७० × ३७ मिलिमीटरचे. छोट्या विक्रेत्याला एवढा आकार बहुतेक वेळा पुरतो. लेबलवर दोनच आकारांची अक्षरे ठेवावीत, एक नावासाठी आणि एक बाकी सगळ्यासाठी, आणि कडेला मोकळी जागा सोडायला घाबरू नये. पार्सलचे पत्त्याचे लेबल उष्णतेने छापणाऱ्या प्रिंटरचे असेल, तर त्यावर चिकटटेप लावू नये, त्याने छपाई फिकट होते आणि पट्ट्यांचा संकेत यंत्राला वाचता येत नाही.

हिशेब

एका नगाच्या पॅकिंगचा खर्च काढताना कागद आणि खोका सगळेच धरतात. टेप, गोंद, दोरा, शाई, चुकून फाटलेले कागद आणि स्वतःचा वेळ मात्र सुटतो. दहा नग घड्याळ लावून पॅक करावेत आणि लागलेल्या वेळेला दहाने भागावे. वर सांगितलेली डबी हाताने करायला सराव झाल्यावरही काही मिनिटे जातात. महिन्याला वीस नग जात असतील तेव्हा हाताची डबीच परवडते. दोनशे जायला लागले, की तीच मिनिटे कित्येक तासांची होतात आणि तयार डबी स्वस्त पडते. हा बदल करताना खंत वाटून घेऊ नये, ठसा आणि पट्टा हाताचा ठेवला की ओळख टिकते. आतले पॅकिंग विक्रीच्या किमतीच्या दहाव्या भागाच्या आत बसले पाहिजे, हा मी स्वतःसाठी घातलेला दंडक आहे. ते त्याबाहेर गेले, तर मी आधी थर कमी करते, कागदाचा दर्जा नाही.

खोक्यांची मापे दोन किंवा फार तर तीन ठेवावीत. प्रत्येक वस्तूला वेगळा खोका ठेवला, तर पैसा आणि जागा दोन्ही अडकून पडतात, आणि पुठ्ठा साठवणीत ओल धरून कमकुवत होतो. मोठी खरेदी करण्याआधी पंचवीस-तीस नगांपुरते सामान घेऊन एक महिना वापरावे. या महिन्यात वस्तूचे माप बदलते, घडी घालण्याची सोपी रीत सापडते, एखादा कागद हाताला आवडेनासा होतो.

शेवटची तपासणी दुसऱ्याच्या हातून करावी. ज्याने ते पॅकिंग कधी पाहिलेले नाही अशा व्यक्तीसमोर तयार पार्सल ठेवावे, काही सांगू नये आणि तिचे हात पाहावेत. तिने कात्री मागितली, तर टेपच्या टोकाला एक घडी घालून धरायला जागा ठेवावी. तिने टॅग न वाचताच बाजूला ठेवला, तर तो झाकणाच्या आत चिकटवावा. वस्तू बाहेर काढताना तिला खोका उलटा करावा लागला, तर खाली कागदाची एक पट्टी घालावी, जिची टोके धरून वस्तू वर उचलता येईल. हे बदल करून झाले की एक नमुना-पार्सल पूर्ण तयार करावे, त्याच्या झाकणाच्या आत कागदाचे वजन, खोक्याचे माप, शाईचा रंग आणि तारीख लिहावी आणि ते पॅकिंगच्या टेबलावर डोळ्यांसमोर ठेवावे, म्हणजे घाईच्या दिवशी मदतीला आलेल्या माणसालाही तसेच पार्सल बांधता येते.